एक खाच, तीन खाचा

१

हेझल मेली तेव्हा हंगाम सुरू होऊन जेमतेम वीस मिनिटं झाली होती, आणि तिला मारणारा मी असू शकत होतो.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या गोंधळाचं कुणाला नवल वाटायला नको. माझं नाव लेलँड, सगळे ली म्हणतात. गावातला एकुलता एक कॅफे माझा. साऊथ डकोटाच्या आमच्या भागात ऑक्टोबरातल्या तिसऱ्या शनिवारी फेझंट पक्ष्याची शिकार खुली होते, आणि त्या वर्षांत ती भर दुपारी बाराला व्हायची. आमची टोळी ठरलेली आणि शेतही ठरलेलं, वेंडेल राश्केचा मका. हाकारे कुत्र्यांसकट दक्षिणेकडून मक्यातून चालत येतात आणि उत्तरेच्या टोकाला तिघंजण बंदुका घेऊन उभे राहतात.

त्या शनिवारी टोकाला होते ऑर्विल ट्वेट, त्यांचा जावई क्रेग, आणि मी. ऑर्विल एकोणऐंशी वर्षांचे. त्रेपन्न वर्षं ते त्याच टोकाला उभे राहत आलेत. क्रेग सू फॉल्सचा, शहरी, कुठलीही गोष्ट करण्याआधी तिच्यावरचं पुस्तक वाचणारा. माझ्याबद्दल एवढंच की तीस वर्षं शिकारीला जातो आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

एक नर अगदी खालून, कमरेच्या उंचीने बाहेर आला. बंदुका वाजल्या. खालून उडणाऱ्या पक्ष्यावर टोकावरच्यांनी बार टाकायचा नसतो, हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं. मग मक्यातून वेंडेलची हाक आली, "हेझल". हाक कसली, कुणीतरी त्याचा हात पिरगाळावा तसा आवाज होता तो.

हेझल त्याची कुत्री, राठ केसांची, सात वर्षांची. बायको गेल्यापासून वेंडेलच्या ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर तीच बसायची. ती मक्याच्या कडेला पडली होती, आणि तिच्याजवळच चिखलात बियाणं-कंपनीची प्लास्टिकची पाटी उलथून पडली होती. अर्धे छर्रे पाटीला लागले होते आणि अर्धे हेझलला. पाटी कुठल्या तोंडाने उभी होती ते आता कुणालाच सांगता येत नव्हतं. शेताचं ते टोक तळ्याच्या काठाने गोल वळतं, त्यामुळे आम्हा तिघांपासूनही ती जागा सारखीच, पंचवीस पावलांवर.

वेंडेल तिच्याजवळ बसला होता. वर न बघता म्हणाला, "कुणी?"

मी बार टाकला होता, हे मला पक्कं आठवत होतं. कुठे टाकला, हे आठवत नव्हतं.

"नळ्या दाखवा," वेंडेल म्हणाला.

बंदुकीच्या तोंडात आट्यांची छोटी नळी बसवतात, तिला चोक म्हणतात. नळी जितकी आवळ, तितके छर्रे एकत्र राहून दूर जातात. जितकी मोकळी, तितके लवकर फाकतात. कुठली नळी किती आवळ हे तिच्या कडेवरच्या खाचांवरून कळतं. एक खाच म्हणजे सगळ्यात आवळ. पाटीवरचे छर्रे दाटीवाटीने बसले होते आणि दोन्ही कडांना चार-चार बोटं जागा कोरी होती. म्हणजे आवळ नळी.

क्रेगच्या नळीला तीन खाचा. माझी गंजून काळी पडली होती, काही दिसेना. ऑर्विलच्या नळीला एक.

"माझीच असेल," ऑर्विल शांतपणे म्हणाले.

वेंडेल उठला. हेझलला उचलून त्याने छातीशी घेतलं. "ऑर्विल, पुढच्या शनिवारी येऊ नका," तो म्हणाला. "त्यापुढेही नका."

त्रेपन्न वर्षं अशी दोन वाक्यांत संपली, आणि माझी नळी अजून काळीच होती.

२

मी तडक आर्लिस कुचेराकडे गेलो. खाद्याच्या दुकानामागे तिची बंदूक-दुरुस्तीची खोली आहे. सहासष्ट वर्षांची बाई, हात ग्रीझने माखलेले, तोंड फटकळ. अडकलेली नळी काढायला अख्खा तालुका तिच्याकडे येतो आणि शिव्या खाऊन जातो.

"ही नळी कधी काढली होतीस?" तिने विचारलं.

"काढायची असते?"

"ली, तू तुझ्या कॅफेतला तवा तरी घासतोस का रे?"

तिने बंदूक शिकंज्यात धरली, तेल सोडलं आणि वाट बघत बसली. मी तिला सगळं सांगितलं, पाटी, खाचा, ऑर्विल. ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, "चोक म्हणजे काय, कळतं ना तुला?"

"खाचा असतात."

"देवा. बागेतल्या पाण्याच्या नळीला बोट लावलंस की काय होतं? धार लांब जाते. बोट काढलंस की जवळच सांडते. लावा पक्षी पायाखालून उठतो, त्याला मोकळी नळी हवी, चार-पाच खाचांची. आवळ नळीने मारलास तर खायला पिसंच उरतील. फेझंट थोडा लांब उठतो, त्याला मधली, तीन खाचांची. टर्कीला चाळीस पावलांवरून डोक्यात मारायचं, तिथे एक खाच. ऑर्विल ती टर्कीची नळी मक्यात वापरतात, कारण ते हट्टी आहेत. चाळीस वर्षं मी सांगतेय, मधली लावा."

"मग त्यांचीच."

"आधी तुझं बघू."

नळी करकरत निघाली. तिने चिंधीने कड पुसली आणि उजेडात धरली. वेंडेलची कुत्री मी मारली असेल तर ऑर्विलच्या जागी मी जायला हवा होतो, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला ते नको होतं. त्याची मला लाज वाटली.

"चार खाचा," ती म्हणाली. "तुझ्या बाराने पाटी भरून बाहेर सांडली असती. तू नाहीस."

मी खुर्चीत बसलो. "मग ऑर्विलच, ते स्वतःच म्हणतायत."

"म्हणतायत खरे." तिने नळी परत बसवली. "बार किती ऐकलेस?"

"तीन."

"नक्की?"

मी आठवून पाहिलं. एक माझा, तो कानाशी वाजला. मग एक. मग... "दोन असतील," मी म्हणालो. "पण आम्ही तिघं होतो."

"किती होतात ते नाही विचारलं मी," आर्लिस म्हणाली आणि कोट शोधायला लागली.

३

ऑर्विलच्या स्वयंपाकघरात दुपारचं ऊन आलं होतं. टेबलावर शेजारच्या घरच्या सुनेने आणून ठेवलेला कुखन केक होता, आणि केकशेजारी बंदूक.

"घेऊन जा ती," ऑर्विल म्हणाले. "मला काय करायची आता."

हे ते माझ्याकडे बघून म्हणाले, पण नजर माझ्या कानाच्या आसपास कुठेतरी होती. लाजेने माणूस डोळ्यांत बघत नाही, असं मी समजलो. त्यांनी कॉफी ओतली. कपाच्या काठावरून एक बोट आत वाकवलं होतं, कॉफी बोटाला लागली तसे थांबले. म्हाताऱ्या माणसांच्या कसल्या कसल्या सवयी असतात.

"काय झालं ते सांगा," आर्लिस म्हणाली.

"पक्षी खाली होता. मी बार टाकला. टाकायला नको होता."

"कुठून आला पक्षी?"

"मक्यातून."

"डावीकडून की उजवीकडून?"

ऑर्विलनी कप थोडा सरकवला. "माझं वय झालंय, आर्लिस. आठवत नाही."

"काडतुसं कुठली?"

त्यांनी कोटाच्या खिशातून तीन काडतुसं काढली. "शिसं. चार नंबरचे छर्रे. नेहमीचीच."

काडतुसांवरची अक्षरं घासून पार पुसट झाली होती आणि पितळी बूड नाण्यासारखं गुळगुळीत. आर्लिसने ती तळहातावर घोळवली आणि परत ठेवली. मग बंदूक उचलून उघडली, नळीच्या तोंडाशी डोळा लावून खिडकीकडे धरली. बराच वेळ बघत होती.

"घाण झालीय का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि बंदूक होती तशी ठेवून दिली. "केक छान आहे, ऑर्विल." तिने केकला हातही लावला नव्हता.

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "बिचारे. मान्य तरी करतात. गेल्या वर्षी आम्ही दोघांनी एकाच नरावर बार टाकला होता, मी म्हटलं तुमचाच. त्याच्या आदल्या वर्षीही."

"त्यांनी टाकला होता?"

"कोण बघतं? आपण पक्ष्याकडे बघतो. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला एक पक्षी देऊन टाकायचा, एवढंच."

आर्लिसने गाडी सुरू केली. "ते खोटं बोलतायत, ली."

"कशाबद्दल?"

"सगळ्याबद्दल," ती म्हणाली, आणि गिअर टाकला. माझ्या डोक्याचं पार भजं झालं.

४

रविवारी सकाळी क्रेग माझ्याकडे नाश्त्याला आला. आर्लिस कोपऱ्यात बसली होती. ती उठून सरळ त्याच्या टेबलाशी गेली.

"बाबांबद्दल वाईट वाटतं," क्रेग म्हणाला. "पण हे कधीतरी होणारच होतं. मी बायकोला सांगत आलोय, वय झालंय."

"तुझी नळी तीन खाचांची ना?"

"मधली. मॉडिफाइड. फेझंटला तीच हवी, कुठल्याही पुस्तकात बघ. तीन खाचा इतक्या दाट मारत नाहीत. मी पाटी पाहिलीय."

"शाबास, अभ्यास केलायस." आर्लिसने त्याच्या बशीतला टोस्ट सरळ उचलला. "काल सकाळी काय करत होतास?"

क्रेगचा चेहरा खुलला. "बदकं. पहाटे तळ्यावर. तीन नर मिळाले, हिरव्या डोक्याचे. ली, तुला आठवतंय ना, मी दहा वाजता इथे आलो तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेला होतो."

मला आठवत होतं. फरशी मीच पुसली होती.

"बदकांना कुठली नळी लावलीस?"

"तीच. बदकांनाही मधली चालते. बदलायची गरजच नव्हती." तो समाधानाने हसला. "म्हणून तर मला ती आवडते."

"तुझी बंदूक दुपारपर्यंत देशील? मला कागदावर मारून बघायचंय. सगळ्यांच्याच बघणार आहे."

"खुशाल. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

खरंच नसावं, असं मला वाटलं. इतका निवांत माणूस मी पाहिला नव्हता. तो गेला आणि दार उघडून वेंडेल आत आला. रात्रभर झोपला नसावा. त्याने गल्ल्याजवळ औषधाची छोटी बाटली ठेवली. तळाशी छर्रे होते.

"जनावरांच्या डॉक्टरने दिले," तो म्हणाला. "अकरा. चार नंबरचे. ऑर्विल चार नंबरच वापरतात. आर्लिस, तू हे उकरून काढणं बंद कर. मला ऐकवत नाही."

आर्लिसने बाटली उचलली. मग माझ्या फ्रिजकडे गेली, गोड पदार्थांची यादी धरून ठेवणारा लोहचुंबक काढला आणि बाटलीच्या काचेला बाहेरून लावला.

अकराच्या अकरा दाणे उडी मारून काचेला चिकटले.

५

दुपारी चर्च सुटल्यावर आम्ही खडीच्या जुन्या खाणीत जमलो. वेंडेल, क्रेग, मी. ऑर्विलना आर्लिसने स्वतः गाडीतून आणलं. माझ्या कॅफेतला मांस गुंडाळायचा कागद तिने पाटीच्या मापाने कापून चौकटीवर ताणला होता आणि पंचवीस पावलांवर उभा केला होता.

"क्रेगची बंदूक. तीन खाचांची नळी. शिशाचं काडतूस," ती म्हणाली आणि बार टाकला.

कागद कडेपासून कडेपर्यंत भरला, काही दाणे बाहेर गेले.

"बघ," क्रेग म्हणाला.

तिने नवा कागद लावला. "तीच बंदूक. तीच नळी. काडतूस बदलते."

पुन्हा बार. आम्ही चालत कागदाशी गेलो. छर्रे मध्ये दाटले होते. दोन्ही कडांना चार-चार बोटं कोरी.

"हे काय?" मी म्हणालो. "खाचा तर त्याच आहेत."

"खाचा शिशाच्या हिशोबाने पाडलेल्या असतात," आर्लिस म्हणाली. "शिसं मऊ. नळीत दाणे चेपतात, वाकडेतिकडे होतात, बाहेर पडल्यावर भरकटतात. पोलाद, काल बाटलीत चुंबकाला चिकटलं ते, कडक. दाणा गोलच राहतो आणि सरळ जातो. पोलाद घातलं की तीन खाचांची नळी एका खाचेसारखी मारते. हे बदकवाल्यांना माहीत असतं. पण काल तुम्ही सगळे मक्यात उभे होता, आणि मक्यात आपण सगळे लहानपणापासून शिसंच मारत आलोय. म्हणून कुणी खाचांच्या पलीकडे पाहिलंच नाही."

वेंडेल हळू म्हणाला, "आणि पोलाद..."

"बदकांना पोलादच लागतं. कायदाच आहे, पाण्यावर शिसं चालत नाही. ऑर्विलच्या खिशात शिसं होतं. लीच्या नळीने पोलादही पाटीबाहेर सांडलं असतं. काल सकाळी तळ्यावरून थेट मक्यात एकच माणूस आला."

सगळे क्रेगकडे बघायला लागले. त्याने जाकिटाच्या खिशात हात घातला. कशासाठी ते मला कळलं नाही, त्यालाही कळलं नसावं. हात बाहेर आला तेव्हा त्यात दोन काडतुसं होती, आणि तो त्यांच्याकडे असा बघत होता जणू ती दुसऱ्याच कुणाची असावीत.

"खिसा रिकामा करायला विसरलो," तो म्हणाला. "पक्षी खाली होता. बार सुटला. मला वाटलं, माझा वर गेला. मग बाबा म्हणाले, माझीच. मला खरंच वाटलं, त्यांचीच असेल."

"खरंच?" वेंडेलने विचारलं.

क्रेगने काडतुसं मुठीत दाबली. "काल संध्याकाळपर्यंत वाटलं. त्यानंतर मी विचार करणं टाळलं."

वेंडेल त्याला मारेल असं मला वाटलं होतं. पण तो ऑर्विलकडे वळला, आणि रागापेक्षा गोंधळ जास्त होता त्याच्या चेहऱ्यावर. "मग तुम्ही का हो म्हणालात?"

"राहू दे, वेंडेल," आर्लिस पटकन म्हणाली. "कोण होतं ते कळलं ना?"

"नाही, मला ऐकायचंय. रात्रभर मी या माणसाला शिव्या घातल्यात."

ऑर्विल खडीवर उभे होते, हात कोटाच्या खिशात. बोलले तेव्हा आवाज साधा होता.

"माझी बंदूक रिकामी होती. काल. गेल्या वर्षीही. त्याच्या आदल्या वर्षीही. डोळ्यांसमोर मधोमध काळं आहे मला. कडेकडेनं दिसतं तेवढंच. डॉक्टर म्हणतात, वाढत जाणार. कुणाला लागायला नको म्हणून भरत नाही मी. नुसती उचलतो. ली म्हणतो, तुमचाच पक्षी. मी म्हणतो, आभारी आहे."

मला कुठे बघावं ते कळेना. आर्लिसने नंतर सांगितलं, त्यांच्या नळीच्या तोंडातच कोळ्याचं जाळं होतं. तिने ते तसंच राहू दिलं होतं.

"मग नुसतं सांगायचं की, रिकामी होती," वेंडेल म्हणाला.

"चूक केलेल्या माणसाला लोक वर्षा-दोन वर्षांनी माफ करतात, वेंडेल. परत बोलावतात." ऑर्विलनी मान किंचित तिरपी केली, त्याला कडेने बघायला. "आंधळ्याला कोण बोलावतं?"

खाणीत वारा होता. कागद फडफडत होता. मी कागद गुंडाळायला लागलो.

वेंडेलने नाक पुसलं. "टोकाला कशाला उभं करतो आपण माणसं?" तो म्हणाला. "पक्षी पळत येतो, समोर माणूस दिसला की उडतो. त्यासाठी. माणूस लागतो तिथे. बंदुकीचं मी कधी म्हटलंय? शनिवारी साडेअकराला घ्यायला येतो. ती टर्कीची नळी घरीच ठेवा, बंदुकीसकट."

ऑर्विलचे खिशातले हात बाहेर आले, आणि त्यांचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं.

"आणि मी?" क्रेगने विचारलं.

"तूही ये," वेंडेल म्हणाला. "माझ्याकडे कुत्री नाही."

६

त्या शनिवारी ऊन लख्ख होतं. टोकावर तोंड दक्षिणेला, सूर्य थेट डोळ्यांत. मी माझ्या जागी होतो आणि वीस पावलांवर ऑर्विल, हात मोकळे, टोपी मागे सारलेली. मक्यात क्रेग होता, बंदुकीशिवाय, हेझल जायची त्या ओळींतून वाकून, दलदलीतून, हात झाडत. अधूनमधून तो कशाला तरी अडखळायचा आणि वेंडेलचा आवाज यायचा, "डावीकडचं राहिलं. हेझल ते सोडायची नाही." क्रेग मागे जायचा.

पंख फडफडले. उन्हात एक काळा आकार वर चढत माझ्याकडे आला. मारायची परवानगी फक्त नराला. नर उठताना ओरडतो, मादी मुकाट उठते. तीस वर्षांत हे मी हजारदा ऐकलं असेल, पण पक्षी समोर आला की माझे कान बंद होतात. मी बंदूक खांद्याला लावली.

"मादी आहे, ली," ऑर्विल म्हणाले. "खाली घे."

मी खाली घेतली. ती डोक्यावरून गेली तेव्हा दिसलं, तपकिरी, मादीच.

पुढचा पक्षी उठला आणि तो मला दिसायच्या आत ते म्हणाले, "हा घे." मी घेतला. तिसऱ्यालाही तसंच झालं. गेल्या कित्येक वर्षांत मी इतकं बरं मारलं नव्हतं.

हाकारे बाहेर आले. वेंडेल मक्याची पानं झटकत आमच्याशी आला, माझ्या पायाशी पडलेले दोन नर पाहून त्याने भुवया उंचावल्या, आणि पलीकडच्या शेताकडे हात केला.

"ऑर्विल, तिकडे कुठल्या कोपऱ्याला उभे राहणार?"

"लीच्या शेजारी," ऑर्विल म्हणाले. "त्याला काही दिसत नाही."